कोड आपला, युक्ती कुणाची?

समजा, एका प्रोग्रामरने कुणाच्याही कोडकडे न पाहता, स्वतःच्या डोक्याने एक प्रोग्राम लिहिला. कॉपीराइटच्या कायद्यापुढे तो निर्धास्त आहे, कारण कॉपीराइट मांडणीला असतो आणि मांडणी त्याचीच आहे. पेटंटचं मात्र वेगळं. पेटंट युक्तीला मिळतं. तीच युक्ती आधी कुणाच्या नावावर लागली असेल, तर ‘मी कुणाचं काही पाहिलं नाही’ हे खरं असूनही कामी येत नाही.

ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणाऱ्या, जगाला हा धडा जीआयएफ चित्रांनी दिला. टेरी वेल्च यांनी माहिती कमी जागेत बसवण्याची एक सुरेख पद्धत १९८४ मध्ये नियतकालिकात मांडली. छापील लेखातली पद्धत सगळ्यांचीच, असं समजून लोकांनी ती उचलली. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने तिच्यावर जीआयएफ उभारलं. पण त्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज १९८३ मध्येच गेला होता, आणि १९८५ मध्ये पेटंट मंजूरही झालं. ते पुढे युनिसिस या कंपनीकडे आलं आणि १९९४ च्या अखेरीस, जीआयएफ जगभर पसरल्यावर, जीआयएफ हाताळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे पैशांची मागणी सुरू झाली. चिडलेल्या प्रोग्रामरांनी त्या पेटंटला वळसा घालून नवा प्रकार घडवला. आज आपण रोज पाहतो ती पीएनजी चित्रं त्यातूनच आली.

मग एक अवघड प्रश्न उरला. कोड देणाऱ्याकडेच पेटंट असेल तर? एका हाताने कोड फुकट द्यायचा, तो सर्वत्र रुजला की दुसऱ्या हाताने वसुलीची नोटीस धाडायची! एमआयटी या ओपन सोर्स परवान्याचा छोटासा मजकूर पेटंटचं नावही घेत नाही.

२००४ च्या अपाची परवान्याने, म्हणजे त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने, यावर काढलेला तोडगा थक्क करतो. तुम्ही कोड दिलात की तो कोड वापरताना तुमच्या ज्या पेटंटांचा भंग अटळ आहे, त्यांची परवानगीही जगातल्या प्रत्येक वापरणाऱ्याला आपोआप मिळते. कायमची आणि विनामूल्य. शिवाय, ते सॉफ्टवेअर आमच्या पेटंटचा भंग करतं म्हणून कुणी खटला भरला, तर त्याच सॉफ्टवेअरसाठी त्याला मिळालेल्या पेटंट परवानग्या तिथेच संपतात. बाजारात एकमेकींचे गळे धरणाऱ्या कंपन्या एकाच कोडवर निर्धास्तपणे काम करू शकतात, त्यात परवान्यातल्या या एका परिच्छेदाचा मोठा वाटा आहे.

अर्थात, कोडमध्ये हातच न घातलेल्या तिऱ्हाईताला हा परिच्छेद बांधत नाही. २०१९ मध्ये अशाच एका पेटंटधारक कंपनीने शॉटवेल या फोटो सांभाळणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रामवरून तो पुरवणाऱ्या ग्नोम फाउंडेशनला कोर्टात खेचलं. ग्नोमने देणग्या जमवून लढा दिला. २०२० च्या तडजोडीत त्या कंपनीला आपल्या पेटंटांचा बडगा मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवान्यांखालच्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर न उगारण्याचं कबूल करावं लागलं.

आपल्याकडे भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट देत नाही. पण पुण्यात लिहिलेला कोड अमेरिकेत वापरला जातो, तेव्हा तिथे तिथलाच कायदा लागतो. अपाची परवान्याखाली कोड देणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट: जे पेटंट आपलं नाही, त्याची परवानगी आपण देऊ शकत नाही. नोकरीतल्या कल्पनांवर करारानुसार बहुधा कंपनीचा हक्क असतो. म्हणून अपाची परवान्यामागच्या अपाची फाउंडेशनने कंपन्यांसाठी वेगळा करारनामा ठेवला आहे. कोड पाठवण्याआधी आपलं नियुक्तिपत्र एकदा नीट वाचावं, ते यासाठी.