आइस्क्रीमचा गोळा आणि विजेचं बिल

बर्लिन : अपारंपरिक ऊर्जेला चालना देण्याचा भार सरासरी कुटुंबावर महिन्याला एक युरोच्या आसपास पडेल, म्हणजे आइस्क्रीमच्या एका गोळ्याइतका, असं जर्मनीचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन २००४ मध्ये म्हणाले होते. विरोधकांनी तो गोळा त्यांना आजतागायत विसरू दिलेला नाही. २०१७ पर्यंत या कामासाठीचा अधिभार युनिटमागे ६.८८ सेंटवर गेला. वर्षाला साडेतीन हजार युनिट वापरणाऱ्या घराला तो २४० युरो पडायचा, वर मूल्यवर्धित कर वेगळा. सूर्य आणि वारा गरिबाला परवडत नाहीत, असा निष्कर्ष यावरून काढणारे इथे पुष्कळ आहेत. आकडा खरा आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. सुरुवातीची सौरवीज महाग होतीच. पण सामान्य घरांना जास्त जाचली ती वसुलीची तऱ्हा.

२००० साली लागू झालेल्या कायद्याने पॅनेल बसवणाऱ्याला वीस वर्षं ठरावीक दराची हमी दिली. छतावरच्या विजेला तेव्हा युनिटला तब्बल ९९ फेनिग (युरोआधीच्या मार्कचे पैसे) मिळत. बाजारभाव आणि हमीदर यांतली तफावत ग्राहकांच्या बिलात घातली गेली. स्थिर आकार, वहन आकार असे रकाने वाचायची सवय असलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला ही युक्ती नवी वाटू नये. तिने काम केलं, हे नाकारता येत नाही : विजेच्या वापरात सहा टक्क्यांच्या आसपास असलेला अपारंपरिक स्रोतांचा वाटा २०२३ मध्ये निम्म्यावर गेला. पण हमीदर घ्यायला स्वतःचं छत लागतं, आणि इथली निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याच्या घरात राहतात. त्यांनी अधिभार भरायचा, घरमालकाने दर घ्यायचा. भरपूर वीज खाणाऱ्या कारखान्यांना अधिभारात मोठी सूट होती. शिवाय वाऱ्या-उन्हाच्या विजेमुळे घाऊक बाजारातले भाव उतरले, त्याचाही लाभ त्यांनाच. उत्पन्न दुप्पट असलं म्हणून कोणी दिवे दुप्पट लावत नाही, त्यामुळे युनिटवरची पट्टी गरिबाच्या कमाईचा मोठा लचका तोडते.

जुलै २०२२ पासून अधिभार शून्यावर आला आणि खर्च सरकारी तिजोरीकडे गेला. मग बिलं का उतरली नाहीत, असा प्रश्न लगेच विचारला जातो. त्याच वर्षी रशियाचा गॅस आटला, आणि बाजारात अनेकदा सगळ्यात महागडं गॅसवरचं केंद्रच साऱ्या विजेचा भाव ठरवतं. अधिभार राहिला असता, तर बिल आणखी फुगलं असतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : तिजोरीचा भरवसा काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने हवामान निधीकडे वळवलेले ६० अब्ज युरो रद्द ठरवले आणि पारेषण शुल्कासाठी ठेवलेली साडेपाच अब्जांची मदत लगोलग बुडाली. हे मान्यच करावं लागतं. तरीही अर्थसंकल्पातल्या पैशावर संसदेत भांडता येतं. बिलातला रकाना मुकाट्याने भरावा लागतो. स्वस्त केलं की उधळपट्टी होते, या तिसऱ्या आक्षेपाला २०२३ च्या सरकारी वीजदर-मर्यादा योजनेतच उत्तर होतं : आधीच्या वापराच्या ८० टक्के विजेला ४० सेंटची मर्यादा, त्यापुढच्या प्रत्येक युनिटला करारातला पूर्ण दर. काटकसर करणाऱ्याचा फायदा शाबूत राहिला.

भाडेकरूंच्या वाट्याला आता बाल्कनी आली आहे. कठड्याला दोन पॅनेल, खाली लहानसा इन्व्हर्टर, आणि प्लग भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये. मर्यादा ८०० वॅटची; ऑक्टोबर २०२४ पासून घरमालकाला ठोस कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. दिवसा फ्रिज यावर निघतो, पण उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीचं काय करायचं, याला कायद्यात उत्तर नाही. तिथे दर कमी करणं हाच मार्ग उरतो. २०२५ मध्ये नव्या आघाडीने वीजकर सर्वांसाठी उतरवण्याचं लेखी कबूल केलं होतं. पहिली पंगत मात्र पुन्हा उद्योगांची बसली, सोबत शेतीची. घरगुती ग्राहक युनिटमागे २.०५ सेंट भरतोच आहे, आणि सरकार तिजोरीकडे बोट दाखवतं.