गृहखातं आणि आमचा 'दार'

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटचा. घरी मराठी, शाळेत इंग्लिश आणि हॉस्टेलवर जे चालतं ते. त्यामुळे शुद्धलेखनाच्या काही चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील, उरलेल्या माझ्या समजाव्यात.

लहानपणी 'होम मिनिस्टर' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आदेश बांदेकर आणि पैठणी यायची. पुढे सिव्हिक्सच्या पुस्तकात खरी होम मिनिस्ट्री भेटली. ती पाच मार्कांसाठी पाठ केली आणि पेपर देऊन विसरलो. 'गृह' हा शब्द मला तीनच ठिकाणी माहीत होता : गृहपाठ, वसतिगृह आणि स्वच्छतागृह. (तिन्हींची अवस्था आपल्याला ठाऊक आहेच.)

या गृहखात्याशी माझी खरी ओळख झाली जानेवारी २०२५ मध्ये, एस. ई.ला असताना, आणि ती झाली माझ्या रूम पार्टनरमुळे.

तो टांझानियाचा, दार-ए-सलाम शहरातला. त्याचं नाव कोणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून पहिल्या आठवड्यात तो 'दार' झाला. "दार, दार लाव" हा विनोद आजवर हजार वेळा तरी झाला असेल, आणि बिचारा दर वेळी हसतो. त्यांच्या स्वाहिलीत चहाला 'चाय', चपातीला 'चपाती' आणि दुकानाला 'दुका' म्हणतात. त्यामुळे मेसपुरतं मराठी त्याला येतच होतं म्हणायला हरकत नाही.

त्याचा व्हिसा एकेका वर्षाचा. दर वर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन असतो, ई-एफआरआरओ नावाच्या पोर्टलवर. २०१८ पासून ती सोय आहे. त्याला कॉलेजचं बोनाफाइड जोडावं लागतं, आणि राहतो कुठे याचा पुरावा. २०२४ च्या दिवाळीनंतर दारला डेंग्यू झाला. तो सलाइन लावून पडलेला, म्हणून त्याचं बोनाफाइड आणायला मी गेलो. ऑफिसमधल्या काकांनी टाइप केलं, शिक्का मारला, मी घडी घालून खिशात टाकलं. पासपोर्ट नंबरात इंग्रजी तीनच्या जागी इंग्रजी आठ पडला होता. मी वाचलंच नाही. वाचायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

अर्ज परत आला. 'माहिती जुळत नाही, कागद पुन्हा जोडा' असा मेल होता. तेव्हा आमच्या परीक्षा चालू होत्या आणि मेल कोण बघतो? मुदतीत उत्तर गेलं नाही म्हणून अर्ज बंद झाला. जानेवारीत व्हिसा संपला. आणि त्यानंतर चार दिवसांनी, रात्री दोन वाजता, दारच्या काकांचा फोन आला. वडिलांना ट्रकने उडवलं होतं.

तिकीट सकाळपर्यंत मिळालं असतं. पण व्हिसा संपल्यावर देशात राहिलेल्या माणसाला नुसतं तिकीट काढून जाता येत नाही. त्याला आधी एक्झिट परमिट लागतं. म्हणजे यायला परवानगी लागते हे मला माहीत होतं, जायलाही लागते हे त्या रात्री कळलं.

मग सुरू झाली आमची वणवण. रेक्टर सर म्हणाले, पोलीस स्टेशनला जा. पोलीस स्टेशनमधल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, हे आमच्याकडे नाही. कमिशनर ऑफिसला परदेशी लोकांचा वेगळा विभाग असतो." माझ्या एका मामांचं मत पडलं की पासपोर्ट ऑफिसला विचारा. दुसऱ्यांनी मंत्रालयातली ओळख काढली. थोडक्यात, हे काम कोणाचं, हे आम्हां दोघांनाच काय, मोठ्यांनाही माहीत नव्हतं. ते मला नंतर, अपराधीपणाच्या भरात, वाचून वाचून समजलं. तेच इथे सांगतो.

मुळात गृहखाती दोन आहेत. एक मुंबईला मंत्रालयात, राज्याचं. दुसरं दिल्लीला, केंद्राचं. घटनेच्या सातव्या परिशिष्टात कामांच्या याद्या आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्याच्या यादीत अगदी पहिल्या दोन नंबरांवर. म्हणजे गणपतीचा बंदोबस्त, चोरी, मारामारी, आपल्या गेटबाहेर गाड्या उचलणारे, हे सगळं राज्याचं. परदेशी माणसाचा देशातला प्रवेश, त्याला बाहेर काढणं, व्हिसा, नागरिकत्व, हे केंद्राच्या यादीत. आपण "गृहमंत्री काय करतायत?" असं चिडून म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा आपल्याला कुठले गृहमंत्री म्हणायचेत हेच ठरलेलं नसतं.

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण आपल्याच राज्यात घडलं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते लातूरचे शिवराज पाटील आणि राज्यात आर. आर. पाटील आबा. हल्ल्यानंतर दोघांनीही राजीनामे दिले. कारण त्या रात्री दोघांच्याही कामाची सरमिसळ झालेली होती : रस्त्यावर लढणारे पोलीस राज्याचे, आणि एनएसजीचे कमांडो केंद्राचे. ते कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून विमानाने यायचे होते, त्यात वेळ गेला. त्यानंतर केंद्राने दोन गोष्टी केल्या. दहशतवादाच्या तपासासाठी एनआयए ही स्वतंत्र संस्था उभी केली, आणि २००९ मध्ये मुंबईतच एनएसजीचं केंद्र काढलं. तेव्हा मी पाळण्यात होतो म्हटलं तरी चालेल, पण आमच्या बाबांना ते साठ तास तासागणिक आठवतात.

केंद्राच्या गृहखात्याकडे स्वतःची दलं भरपूर आहेत. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर बीएसएफ, चीनकडे आयटीबीपी, नेपाळ-भूतानकडे एसएसबी, दंगल किंवा निवडणूक असली की सीआरपीएफ. ती यादी मी इथे पूर्ण करत नाही, स्पर्धा परीक्षावाल्यांना विचारा. पण एनडीआरएफबद्दल सांगायलाच हवं, कारण ते आपल्याजवळच आहे. २००६ मध्ये उभ्या राहिलेल्या या आपत्ती दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीण गाव डोंगराखाली गेलं तेव्हा चिखलात उतरले ते हेच लोक. गृहखातं म्हणजे नुसती लाठी, असा माझा समज होता, तो इथे जरा मोडला.

आणि काही कामं तर अशी की विश्वास बसत नाही. पद्म पुरस्कार जाहीर करतं कोण? गृह मंत्रालय. जनगणना, स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन, अगदी हिंदी दिवसाच्या मागचा राजभाषा विभागसुद्धा त्यांचाच. का, ते विचारू नका. ज्या कामाला घर सापडलं नाही ते गृहखात्यात आलं असावं, असा आपला माझा अंदाज.

आता परत दारकडे.

परदेशी विद्यार्थी आपल्या देशात येतो तेव्हा तो एका खात्याच्या हातात नसतो. व्हिसाचे नियम ठरवतं गृह मंत्रालय, पण त्याच्या गावी व्हिसा देते आपली वकिलात, म्हणजे परराष्ट्र खातं. (आपले पासपोर्टही परराष्ट्र खातंच देतं. त्यासाठी घरी चौकशीला येणारे पोलीस मात्र राज्याचे. त्यामुळे मामांचा घोळ समजण्यासारखा आहे.) विमानतळावर शिक्का मारतो ब्युरो ऑफ इमिग्रेशनचा अधिकारी, तो गृह मंत्रालयाचा. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. मोठ्या शहरांत त्यासाठी एफआरआरओ आहे. बाकी ठिकाणी हे काम जिल्ह्याचे एसपी किंवा पोलीस कमिशनर बघतात. काम दिल्लीचं, माणसं राज्याची! पोलीस स्टेशनवाले साहेब "आमच्याकडे नाही" म्हणाले ते खोटं नव्हतं. त्यांच्याच खात्यातल्या दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या सरकारच्या वतीने ते काम चाललं होतं.

आणि या साखळीची शेवटची कडी कोण? आपलं हॉस्टेल. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत कळवायचं, ही जबाबदारी जागा देणाऱ्यावर असते, मग ते पंचतारांकित हॉटेल असो की आपला बी ब्लॉक. याला आपल्या ऑफिसात अजून 'सी फॉर्म' म्हणतात. त्या टेबलाजवळचं जे जाड रजिस्टर आपण क्रिकेटचा स्कोअर लिहायला वापरतो, ते एका अर्थी भारत सरकारचं कागदपत्र आहे. (स्कोअर आता वहीत लिहितो.)

हे सगळं फार जुन्या कायद्यांवर उभं होतं. परदेशी लोकांच्या नोंदणीचा कायदा १९३९ चा, फॉरिनर्स ॲक्ट १९४६ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातले. एप्रिल २०२५ मध्ये संसदेने हे धरून चार कायदे रद्द करून एकच नवा कायदा केला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. त्यात हॉटेल-हॉस्टेलबरोबर शिक्षणसंस्थांवरही माहिती देण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे. मुदत संपूनही राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण मला तो तीनचा आठ आठवला.

एक गोष्ट मात्र जुन्या कायद्यातून नव्यात तशीच आली. कोण परदेशी आणि कोण नाही असा वाद उभा राहिला, तर आपण परदेशी नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचं. सरकारने नाही. माझ्या आज्जीकडे जन्मदाखला नाही. 'पानशेतच्या पुराच्या वर्षी लग्न झालं' एवढीच तिची तारीख. देशात कोण शिरतंय ते तपासायला हवं, यात वादच नाही. २६ नोव्हेंबरनंतर कोणी उलट म्हणूच शकत नाही. पण कागद नसलेला प्रत्येक जण लबाड नसतो. निम्म्या वेळा त्याच्या खिशात माझ्यासारख्या कोणीतरी न वाचता घातलेला कागद असतो.

गंमत बघा, आपल्या मेसमधले दाजू नेपाळचे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. दार फॉर्म भरत बसलेला असताना दाजू त्याला चहा आणून द्यायचे आणि म्हणायचे, "तुझा देश फार लांब पडला रे."

एक्झिट परमिट सहाव्या दिवशी मिळालं. कमिशनर ऑफिसमधल्या मॅडमनी नवीन बोनाफाइड तपासलं, दंड भरून घेतला आणि कामाचा निपटारा केला. त्या चांगल्या वागल्या, हे लिहायला हवं. पण वडिलांचं ऑपरेशन तिसऱ्याच दिवशी झालं होतं. तिकडची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, तिकडे नऊ. दार हॉस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून फोन कानाला लावून बसला होता. पलीकडे हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याची आई. दोघं काही बोलत नव्हते, नुसता फोन चालू होता. मी शेजारी होतो. मी 'सॉरी' म्हणालो तर तो म्हणाला, "तू वाचलं नाहीस, मीपण नाही वाचलं."

त्याला सोडायला मी मुंबईला गेलो. विमानतळाच्या दारातच सीआयएसएफच्या जवानाने तिकीट आणि पासपोर्ट पाहिला. हे दलही गृह मंत्रालयाचंच. १९९९ च्या डिसेंबरात कंदाहारला विमान पळवून नेल्यानंतर, २००० पासून विमानतळ टप्प्याटप्प्याने त्यांच्याकडे आले. आत काउंटरवर विमान कंपनीच्या बाईंनी पुन्हा सगळे कागद पाहिले, कारण चुकीचे कागद असलेला प्रवासी नेला तर त्यांना भुर्दंड बसतो. मग इमिग्रेशन. मला काचेबाहेरून काहीच दिसत नव्हतं. पाऊण तासाने मेसेज आला : "शिक्का मारला."

वडील वाचले. डावा पाय अजून पूर्ण वाकत नाही. दार नवा व्हिसा घेऊन मार्चमध्ये परत आला, पण अटेंडन्सच्या भानगडीत त्याचे दोन विषय राहिले. त्यातला एक एम-थ्री, म्हणजे तो तसाही राहिला असता, असं तोच म्हणतो.

आता मी टी. ई.ला आहे आणि हॉस्टेल कमिटीत परदेशी मुलांच्या रजिस्टरचं काम मागून घेतलंय. नवीन कोणी आलं की त्याच दिवशी नोंद करतो. बोनाफाइड आणायला ऑफिसात दोघं जातो. एकाने पासपोर्ट हातात धरायचा, दुसऱ्याने टाइप केलेला नंबर मोठ्याने वाचायचा. काकांना आधी राग यायचा. परवा रांगेत नवीन मुलगा होता आणि दार आकडे वाचत होता, चक्क मराठीत : "सात, शून्य, तीन..." काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "तीन की आठ?"