टपाली मतदान : पाकिटातील मताची कसोटी

नवी दिल्ली : लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात केवळ मतदान यंत्रांवरील मते विचारात घेतली, तर शिवसेना (उद्धव ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांमध्ये त्यांना १,५०१, तर शिवसेनेचे रवींद्र वायकर यांना १,५५० मते मिळाली आणि वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. एरवी नगण्य भासणारी ही पाकिटे निकाल फिरवू शकतात. त्यामुळे ती कोणत्या निकषांवर स्वीकारली वा नाकारली जातात, हा प्रश्न निवडणुकीच्या विश्वासार्हतेशी थेट निगडित आहे.

हक्क कोणाला?

भारतात टपाली मतदान सर्वांसाठी खुले नाही. सशस्त्र दलांतील जवान, परदेशातील भारतीय दूतावासांमधील कर्मचारी, निवडणूक कामावरील कर्मचारी आणि स्थानबद्ध व्यक्ती यांना ही सुविधा पूर्वीपासून आहे. २०१९ मध्ये ८० वर्षांवरील ज्येष्ठ आणि दिव्यांग मतदारांचा त्यात समावेश झाला. २०२४ मध्ये वयाची अट ८५ वर्षे करण्यात आली. दिव्यांगत्वाची मर्यादा किमान ४० टक्के आहे. या मतदारांनी ‘१२-ड’ नमुन्यात अर्ज केल्यास मतदान पथक घरी येऊन त्यांचे मत नोंदवून घेते व त्याचे चित्रीकरणही होते. सैनिकांसाठी २०१६ पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते. मात्र मत नोंदवलेली पत्रिका टपालानेच परत येते.

छाननी कशी होते?

मतपत्रिका आतल्या पाकिटात असते. ते पाकीट आणि मतदाराचे साक्षांकित घोषणापत्र बाहेरच्या पाकिटात ठेवावे लागते. मतमोजणीच्या वेळी आधी घोषणापत्र तपासले जाते. ते नसल्यास, त्यावर स्वाक्षरी वा साक्षांकन नसल्यास किंवा मतपत्रिकेचा क्रमांक जुळत नसल्यास आतले पाकीट उघडलेच जात नाही. पत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल अशी खूण असल्यास किंवा एकाहून अधिक उमेदवारांना मत दिलेले असल्यासही मत बाद होते. मोजणीची वेळ उलटल्यावर आलेले पाकीट विचारात घेतले जात नाही.

खरा पेच येथेच आहे. मतदान केंद्रावर ओळख पटवण्यासाठी अधिकारी आणि उमेदवारांचे प्रतिनिधी समोर असतात. टपाली मतदानात ते काम कागदाला करावे लागते. अटी सैल केल्यास तोतयेगिरीला वाव मिळतो, तर त्या काटेकोर ठेवल्यास एका स्वाक्षरीअभावी खऱ्या मतदाराचे मत वाया जाते. शिवाय यंत्रावर चुकीचे मत नोंदवले जाणे जवळपास अशक्य असते. कागदावर ती शक्यता कायम राहते.

न्यायालयापर्यंतचा वाद

गुजरातमधील ढोलका मतदारसंघात २०१७ मध्ये भाजपचे भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी विजयी झाले. तेथे ४२९ टपाली मते बाद ठरली होती. ती बेकायदा नाकारल्याचे नमूद करून गुजरात उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच त्या निकालाला स्थगिती दिली. त्याच वर्षी बिहारमधील हिलसा येथे विजयाचे अंतर अवघे १२ मतांचे होते आणि १८२ टपाली मते बाद झाली होती.

अशा प्रसंगांसाठी निवडणूक आयोगाचा स्पष्ट निर्देश आहे. विजयाचे अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असल्यास निकाल जाहीर करण्यापूर्वी ती सर्व मते पुन्हा तपासणे बंधनकारक असते.

सुधारणांची दिशा

निवडणूक कामावरील कर्मचाऱ्यांकडे मतपत्रिका दीर्घकाळ राहिल्यास दबाव वा प्रलोभनाला वाव मिळतो. त्यामुळे २०२३ पासून त्यांनी सुविधा केंद्रावरच मतदान करणे आवश्यक झाले. टपाली मतांची मोजणी नियमानुसार आधी सुरू होते. परंतु ती रेंगाळल्याने संशय निर्माण होत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने, टपाली मतांची मोजणी संपल्याखेरीज यंत्रांच्या मोजणीची उपान्त्य फेरी सुरू करू नये, असे ठरवले.

तथापि, केवळ मोजणीचा क्रम बदलून बाद मतांचा प्रश्न सुटत नाही. घोषणापत्र भरताना मतदाराला मिळणारे मार्गदर्शन आणि प्रत्येक बाद मताचे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर स्पष्ट केलेले कारण, या दोन गोष्टींवरच चुरशीच्या लढतीतील पराभूत उमेदवाराचा निकालावरील विश्वास अवलंबून राहील.