‘अंगठा उठत नाही’ म्हणजे नेमकं कुठं अडलं?

कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या एखाद्या ठाकुरवाडीवरून पायवाट उतरून एक बाई बाजारात येते. आधारच्या अंगठ्यावर मजुरीचे पैसे काढायचे असतात. केंद्रचालक दोनदा प्रयत्न करतो आणि म्हणतो, “मावशी, अंगठा उठत नाही.” पण दरवेळी दोष अंगठ्याचाच असतो का?

एक कॉम्प्युटर, दोन प्रोग्रॅम

पैसे काढायचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडलेलं असतं. अंगठ्याचं यंत्र मात्र ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम हाताळतो. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीत स्वतंत्र जागा देते. एकाला दुसऱ्याच्या जागेत डोकावता येत नाही, म्हणून त्यांना निरोप पाठवूनच बोलावं लागतं.

हा निरोप १२७.०.०.१ या पत्त्यावर जातो. त्याचा अर्थ ‘हाच कॉम्प्युटर’. म्हणजे निरोप यंत्राबाहेर जातच नाही. या पत्त्यावर अनेक खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. आरडी सर्व्हिससाठी यूआयडीएआयने १११०० ते १११२० हे पोर्ट ठरवले आहेत. पोर्टल एकेक खिडकी ठोठावून विचारतं, यंत्र तयार आहे का? होकार आला की ठसा घेण्याची विनंती जाते. मोबाइलवर हेच काम अँड्रॉइडच्या ‘इंटेंट’मार्फत होतं.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

ठसा उघडा पोर्टलच्या हाती पडू नये म्हणून. आरडी सर्व्हिस तो कुलूपबंद करूनच पुढे देते आणि कुलपाची किल्ली यूआयडीएआयकडे असते. मधल्या पोर्टलला ठसा दिसत नाही.

अडलं कुठं, ते आकडा सांगतो

- ७०० : ठरलेल्या वेळेत ठसा मिळाला नाही.
- ७१० : यंत्र दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवून ठेवलं आहे.
- ७२० : यंत्र तयार नाही.
- ३०० : ठसा आधारच्या नोंदीशी जुळला नाही.

७१० आणि ७२० मध्ये अंगठ्याचा काहीच दोष नाही. यंत्र वापरणारा दुसरा प्रोग्रॅम बंद करणं, केबल काढून पुन्हा लावणं, आरडी सर्व्हिस नव्यानं सुरू करणं, एवढ्यानं बरेचदा काम होतं. ३०० आला तर दुसरं बोट लावून पाहा. कष्टाच्या कामानं बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे वारंवार असं होत असेल तर आधार केंद्रात ठसे नव्यानं नोंदवून घ्या.

म्हणून ‘अंगठा उठत नाही’ ऐकून डोंगर चढायला लागण्याआधी एवढंच विचारा : स्क्रीनवर आकडा कोणता आलाय?