वासुदेवाची टोपी, सुईदोऱ्याने भरलेली

संक्रांतीच्या स्नेहमेळाव्यात मुलांचा वासुदेव बसवायचे ठरले की पहिली अडचण टोपीची येते. अंगरखा कुणाच्या तरी जुन्या झब्ब्यातून निघतो, शेला घरात असतो, टाळ आणि चिपळ्या भजनी मंडळींकडून मिळतात. टोपी मात्र भाड्याने आणावी लागते. ती पुठ्ठ्याची असते आणि पिसे डिंकाने चिकटवलेली असतात. पहिल्या गिरकीला दोन पिसे गळतात, दुसऱ्या कडव्याला टोपी कानावर येते आणि मूल एका हाताने टोपी धरून दुसऱ्या हाताने चिपळ्या वाजवू लागते. पाहणाऱ्यांना गंमत वाटते, पण नाच तिथेच संपलेला असतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. टोपी कापडाची शिवायची, आणि मोरपिसे चिकटवण्याऐवजी ती दोऱ्याने भरायची. आपल्या धार-देवासच्या घरांत कुंच्या, टोपडी, रुखवतातले रुमाल भरणारे हात अजून आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याजवळ बसून शिकणाऱ्यांसाठी, हे सविस्तर लिहीत आहे.

आधी वासुदेवाविषयी थोडे. माळव्यात वाढलेल्या आपल्या बऱ्याच मुलांनी तो फक्त चित्रात पाहिलेला आहे. पहाटे, विशेषतः थंडीच्या दिवसांत, तो दारी येतो. अंगात घोळदार अंगरखा, कमरेला शेला, पायांत घुंगरू, हातांत टाळ आणि चिपळ्या, जवळ पावा, आणि डोक्यावर मोरपिसांची उंच, निमुळती टोपी. तो गातो, नाचतो, गिरकी घेतो. सुपातले धान्य मिळाले की ‘दान पावलं’ म्हणत गावोगावच्या देवांची आणि संतांची नावे घेतो. दिलेले दान त्याच्यापाशी थांबत नाही, ते थेट त्या देवांना पोचते, असा त्याचा अर्थ. ‘पावणे’ या क्रियापदाला हिंदीत नेमका प्रतिशब्द नाही. पैसे पावले, पत्र पावले आणि देव पावला, या तिन्ही ठिकाणी आपण एकच शब्द वापरतो. हिंदी शाळेत शिकणाऱ्या नातवंडांना हा एक शब्द जरी नीट समजला तरी तालीम वाया गेली नाही असे मी समजेन.

वासुदेव हे रूपक ज्ञानदेव-नामदेवांपासून एकनाथ-तुकारामांपर्यंत संतांनी वापरले. म्हणजे हा वेश सातशे वर्षे तरी मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. हे लोक आजही आहेत आणि ही त्यांची उपजीविका आहे. म्हणून फॅन्सी ड्रेसमध्ये वासुदेवाला विदूषक करून उभे करणे मला पटत नाही. टोपीवर मेहनत घ्यावी, याचे हेही एक कारण.

आता पिसांचा प्रश्न. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. पावसाळा सरता सरता मोर पिसारा आपसूक गाळतो. अशी गळलेली पिसे देशात जवळ ठेवायला हरकत नाही. शेतावर कुणाला सापडली तर पाच-सात पिसे शेंड्याला जरूर लावावीत. पण पूर्ण टोपी मढवायला पिसे लागतात दोन-तीन जुड्या, आणि बाजारातल्या जुडीतले प्रत्येक पीस गळलेलेच आहे याची खात्री विकणाराही देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट अशी की मोरपिसे देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. आपल्या कितीतरी घरांतली मुले इंग्लंड-अमेरिकेत आहेत आणि तिथल्या मंडळांच्या कार्यक्रमासाठी इथून टोपी मागवतात. पिसांची टोपी बॅगेत घालणे म्हणजे विमानतळावर अडचण ओढवून घेणे. दोऱ्याने भरलेली टोपी बिनधास्त पाठवता येते.

वासुदेव म्हणजे मुळात कृष्ण, आणि कृष्णासाठी नाचणे देवासला नवे नाही. थोरल्या पातीच्या वाड्यात १९२१ साली झालेला गोकुळाष्टमीचा सोहळा इ. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने पाहिला. तो तेव्हा तुकोजीराव पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता. महाराज स्वतः देवापुढे नाचत होते. ते सगळे त्याने ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ साली निघालेल्या पुस्तकात दिले आहे. नावातली टेकडी आपलीच, चामुंडेची.

आता टोपीकडे वळू. निमुळती टोपी बेतताना लोक अंदाजाने पुठ्ठा गुंडाळतात आणि तिथेच चुकतात. हिशेब अगदी सोपा आहे. कापडाचा पाव वर्तुळाएवढा तुकडा घेऊन त्याच्या दोन्ही सरळ बाजू जोडल्या की टोपी तयार होते. किती त्रिज्येचे वर्तुळ? कपाळावरून डोक्याचा घेर मोजायचा, त्यात सैलपणासाठी २ सें.मी. मिळवायचे आणि १.५७ ने भागायचे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा घेर साधारण ५२ भरतो. त्यात २ मिळवून ५४, भागिले १.५७, म्हणजे सुमारे ३४.४ सें.मी. एवढी त्रिज्या. टोपीची उंची आपोआप ३३ च्या आसपास येते आणि ती डोळ्यांना प्रमाणशीर दिसते. मोठ्या माणसाचा घेर ५७ असेल तर त्रिज्या साडेसदतीस. शिवणीसाठी सरळ बाजूंना दीड आणि खाली दुमडायला तीन सें.मी. जास्त ठेवावे. हे आधी वर्तमानपत्राच्या कागदावर कापून, मुलाच्या डोक्यावर ठेवून पाहावे आणि मगच कापडाला कात्री लावावी.

कापड सुती, जरा जाड आणि घट्ट विणीचे घ्यावे. केसमेंट चांगले. रंग काळा किंवा गडद हिरवा. संक्रांत म्हणून मी काळ्याच्या बाजूने आहे. शिवाय काळ्यावर निळा-हिरवा खुलतो तसा कशावरच खुलत नाही. सॅटिनच्या मोहात पडू नये. ते सुईपुढे सरकते आणि रिंगचे वळ त्यावर कायमचे राहतात.

भरतकाम टोपी शिवण्याआधी, कापड सपाट असतानाच पूर्ण करायचे. कापड आधी कापूही नये. मोठ्या चौकोनी तुकड्यावर पाव वर्तुळ आखून घ्यावे, म्हणजे रिंग बसवायला चारी बाजूंनी जागा राहते आणि कडा उसवत नाहीत. मग पिसांचे डोळे मांडायचे. प्रत्येक डोळा साधारण ३ सें.मी. रुंद आणि ४ उंच धरला, तर वरच्या मापाच्या टोपीवर तीन रांगा छान बसतात. टोकापासून ३१ सें.मी. वरच्या कमानीवर ८ डोळे, २२ वरच्या कमानीवर ६ आणि १२ वरच्या कमानीवर ३. एकूण १७. दोन डोळ्यांत सगळीकडे सहा सें.मी. च्या आसपास अंतर पडते. रांगेतला पहिला आणि शेवटचा डोळा शिवणीपासून अर्ध्या अंतरावर, म्हणजे तीन सें.मी. वर ठेवावा. तसे केले की जोड दोन डोळ्यांच्या मधोमध पडतो आणि दिसत नाही.

इथे एक खुबी आहे. प्रत्येक पिसाची काडी टोपीच्या टोकाच्या रेषेत हवी. सपाट कापडावर त्यामुळे कडेची पिसे तिरकी पडलेली दिसतात आणि नवख्या माणसाला ती सरळ करावीशी वाटतात. करू नयेत. टोपी गुंडाळली की तीच ताठ उभी राहतात. म्हणून आखताना टोकाच्या बिंदूवर पट्टी ठेवून प्रत्येक काडीची रेघ आधी ओढून घ्यावी. काळ्या कापडावर पिवळा किंवा पांढरा कार्बन उमटतो.

डोळ्याचे रंग आतून बाहेर असे जातात: मध्ये जवळजवळ जांभळ्याकडे झुकलेला गडद निळा, त्याभोवती चमकदार मोरपंखी, मग तांब्यासारखा तपकिरी, आणि शेवटी हिरवट सोनेरी. मधल्या गडद ठिपक्याला बदामासारखी खाच असते आणि ती खाली, काडीच्या बाजूला असते. ही खाच विसरली की डोळा नुसती टिकली दिसतो. ओळखीचे मोरपीस दिसते ते त्या खाचेमुळे. कृपया एक खरे पीस समोर ठेवून भरा. मोबाइलवरच्या चित्रात तपकिरी रंग हमखास लालसर दिसतो.

दोरा सहा पदरी सुती. मधला ठिपका दोन पदरांनी, टाक्याला टाका लावून भरीव भरावा. मोरपंखी कडे लांब-आखूड टाक्यांनी, म्हणजे दोन रंगांची सीमा कापल्यासारखी न दिसता एकमेकांत मिसळते. तपकिरी कड्याला साखळी टाका दोन ओळींत, तीन पदरांनी. बाहेरच्या सोनेरी कडेला साधी उलटी टीप पुरे. तिथे हौस असेल त्यांनी जरीचा बारीक दोरा वरून अंथरून, रेशमी दोऱ्याने जागोजाग टाचावा. जर सुईत ओवून कापडातून ओढू नये, ती सोलते. काडी उलट्या टिपेने आणि तिच्या दोन्ही बाजूंचे केस माशाच्या काट्यासारखे तिरके, मोकळे टाके घालून, हिरव्याच्या दोन-तीन छटांत. हे केस विरळच ठेवा. पिसाचा हलकेपणा तिथून येतो.

सराईत हाताला एक डोळा भरायला तास-सव्वा तास लागतो. रोज दोन म्हटले तर नऊ दिवसांचे काम. ते दिवसाउजेडी करावे. ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि गडद हिरवा यांत फरक कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी उसवत बसावे लागते. मार्गशीर्षात माळव्याच्या दुपारचे ऊन यासाठी देवाने दिल्यासारखे आहे. अंगणात किंवा गच्चीवर पाठ उन्हाकडे करून बसावे. दोऱ्यांचा रंग जातो का ते मात्र आधी पाहावे. ओल्या पांढऱ्या फडक्यात धागा दाबून ठेवला की पाच मिनिटांत कळते.

भरून झाले की उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून इस्त्री करावी. मग आत बकरम, त्याच्या आत सुती अस्तर. थंडी आहे म्हणून लोकरीचे अस्तर लावायचा मोह होतो, पण नाचणाऱ्या मुलाला तिसऱ्या मिनिटाला घाम येतो. कपाळाजवळ चार सें.मी. रुंदीची दुहेरी पट्टी शिवावी. टोपी खरी तिच्यावर तोलली जाते. हनुवटीखाली काळे इलॅस्टिक, कानांच्या किंचित मागून. शेंड्यावर पितळी कळस शोभतो, पण मुलांसाठी तो नको. एवढ्या उंचीवरचे थोडेसे वजनही गिरकीत टोपी ओढून नेते. कापसाच्या गोळीवर गोटा गुंडाळला की लांबून पितळच वाटते. खालच्या काठाला कवड्या किंवा मणी लावायचे तर प्रत्येक कवडीला स्वतंत्र गाठ मारावी, म्हणजे एक तुटली तर बाकीच्या रंगमंचावर घरंगळत नाहीत.

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे वाचून तिथले मॉरिस नर्तक आठवतील. त्यांच्याही टोप्या फुलांनी, फितींनी, काही पथकांत फेझंट पक्ष्याच्या पिसांनी सजवलेल्या असतात. आपण घुंगरू घोट्याला बांधतो, ते घंट्या पोटरीवर बांधतात. कडाक्याच्या थंडीत, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ते रस्त्यावर उतरून नाचतात. हा नाच विस्मरणात चालला होता. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टन इथे सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने तो पाहिला, विल्यम किंबर या वादकाकडून चाली उतरवून घेतल्या आणि पुढे त्याचा प्रसार केला. आज तिथे नोकरदार, निवृत्त मंडळी, शिक्षक असे कुणीही हौसेने हा नाच करतात आणि आपली टोपी स्वतः सजवतात. वासुदेवाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्याची परंपरा एका समाजाने पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालवली. पण टोपी ज्याची त्याने हाताने करावी, ही त्यांची रीत घेण्यासारखी वाटते.

म्हणून शक्य असेल तर जो मुलगा किंवा मुलगी नाचणार, त्यांच्याकडून निदान एक डोळा भरून घ्या. दहा वर्षांच्या मुलाला साखळी टाका अर्ध्या तासात येतो. सतरांतला एक डोळा जरा वाकडा झाला तर रंगमंचावरून कुणाला दिसत नाही, आणि त्याला स्वतःला मात्र तो कुठला हे पक्के माहीत असते.

कार्यक्रम झाल्यावर टोपी ओल्या घामासकट कपाटात टाकू नये. अस्तर बाहेर काढून सावलीत वाळवावे, आत वर्तमानपत्राचा बोळा भरावा, जुन्या सुती पंचात गुंडाळून कडुलिंबाच्या वाळलेल्या पानांबरोबर उभी ठेवावी. जरीजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, ती काळी पडते. पुढच्या वर्षी मुलाचे डोके सेंटिमीटर-अर्धा सेंटिमीटर वाढलेले असेल. त्यासाठी आपण आधीच २ सें.मी. सोडलेले आहेत.