पुढचा ब्रेक धरून ठेवतोय?
जुनी पिकअप सपाट रस्त्यावरही ओढल्यासारखी चालते, पुढच्या चाकाशी करपट वास येतो. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर घ्या. ब्रेक दाबून सोडा, मग चाक हाताने फिरवा. जड लागलं तर ब्लीडर निपलला नळी लावून ते जरासं ढिलं करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब आत अडकला होता. एकाच बाजूला असं होत असेल तर संशय रबरी होजवर. तो बाहेरून धडधाकट दिसतो, आतून सुजून बंद होतो. आणि बदलला जातो बिचारा कॅलिपर! दोन्ही चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडर आणि पुशरॉडची ढील पाहा. निपल उघडूनही सुटेना? कॅलिपरचा पिस्टन गंजलाय किंवा त्याच्या पिना सुकल्यात. ऑइल रंगावर सांडू नका, पापुद्रे निघतात.