वाढदिवसाला चहाला या

विरार लोकलच्या महिला डब्यात वाढदिवस साजरे होतात, हे वसई-विरारकरांना सांगायला नको. पश्चिम रेल्वेची चर्चगेट ते बोरिवली ही महिला विशेष गाडी 5 मे 1992 रोजी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. रोजच्या या प्रवासात जुळलेली मैत्री नोकरी सुटल्यावरही टिकते. पण डब्यात केक कापताना निम्म्या जणी उभ्या असतात आणि गप्पा रंगात येतात तोवर नायगाव येतं. या मैत्रिणींना घरी बोलवावंसं वाटतं, मात्र हॉल आणि जेवणाचा खर्च डोळ्यांपुढे आला की बेत बारगळतो. त्यापेक्षा आपण त्यांना चहाला बोलवावं. 12 जणींचा अंदाज धरून तयारी कशी करायची ते पाहू.

पहिलं काम वेळ ठरवण्याचं, कारण खरी बचत तिथेच होते. दुपारी साडेचार ते साडेसहा ही वेळ उत्तम. दुपारचं जेवण झालेलं असतं आणि रात्रीचं लांब असतं. निरोपात ‘चहाला या’ हे शब्द आणि दोन्ही वेळा स्पष्ट लिहा. नुसतं ‘संध्याकाळी या’ म्हटलं तर कोणी साडेसातला येतं, जेवायच्या तयारीने येतं आणि मग ऐनवेळी बाहेरून जेवण मागवावं लागतं.

रविवार असेल तर आदल्या दिवशी जम्बो ब्लॉकची बातमी पाहून ठेवा. दुरुस्तीसाठी काही तास ठरावीक रुळांवरची वाहतूक बंद ठेवतात, त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. पत्त्यात स्टेशनची पूर्व बाजू की पश्चिम हेही लिहा. चुकीच्या बाजूला उतरलेली पाहुणी जिने चढून-उतरून दमून येते.

निरोप देतानाच दोन गोष्टी विचारा: त्या दिवशी उपवास कोणाला आहे आणि बिनसाखरेचा चहा कोणाला लागतो. बिनअंड्याचा केक हवा का, हेही तेव्हाच कळतं.

खाण्यात एक तिखट, एक गोड आणि एक फळ पुरे. पदार्थ वाढले की खर्चापेक्षा यजमानीणबाईंचे हाल जास्त होतात. बटाटेवडे स्वस्त पडतात, पण तळणारी व्यक्ती दोन तास कढईपाशीच अडकते. म्हणून चटणीचं सँडविच बरं. 400 ग्रॅमचे दोन ब्रेड, चार काकड्या, 150 ग्रॅम लोणी आणि वाटीभर कोथिंबीर-पुदिन्याची घट्ट चटणी एवढ्यात 12 सँडविच होतात. चटणीत थोडं डाळवं वाटलं की ती पाणी सोडत नाही.

सँडविच ओलं होतं ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय असा: दोन्ही स्लाइसना कडेपर्यंत लोणी लावा, म्हणजे चटणीचा ओलावा ब्रेडमध्ये मुरत नाही. काकडीला मीठ आधी लावू नका, मीठ तिच्यातलं पाणी बाहेर ओढतं. कापलेले तुकडे ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती कापडाखाली ठेवा, नाहीतर ब्रेडच्या कडा वाळतात.

केक अर्ध्या किलोचा आणा आणि लहान चौकोनी तुकडे करा. सोबत खाणं असल्याने तो पुरतो. जोडीला घराजवळच्या बेकरीतली खारी ठेवा. फळ म्हणून आपली वेलची केळी आहेतच. आगाशीकडची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, मिळाली तर एकच पुडा घ्या आणि पातळ चकत्या करा. सुकेळी महाग असतात, पण थोड्याच पुरतात आणि बाहेरून आलेल्या मैत्रिणीला वसईची चव कळते.

आता चहा. माणशी दोन लहान कप धरले तर एकूण तीन लिटर लागतो. तो एकदम करू नका, दोन फेऱ्यांत करा. घरच्या शेगडीवर मोठं पातेलं उकळायला फार वेळ लागतो आणि उरलेला चहा पुन्हा तापवला की कडवट होतो. एका फेरीला एक लिटर पाणी, पाऊण लिटर दूध, 30 ग्रॅम चहा पावडर आणि साधारण 75 ग्रॅम साखर घ्या. बिनसाखरेवाल्यांचा चहा साखर घालण्याआधी वेगळा काढा.

आलं पाण्यातच घाला आणि चांगलं उकळू द्या. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम असतं. ते गरम दुधात थेट गेलं तर दूध फाटू शकतं, उकळल्यावर मात्र निष्प्रभ होतं. नंतर पावडर घालून दोन-तीन मिनिटं उकळा आणि मग दूध. जास्त उकळलं की टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, जास्त उतरतो. थर्मास वापरायचा तर आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून टाका.

सजावटीला थर्माकोल नको. 1 जुलै 2022 पासून देशभर सजावटीचं थर्माकोल आणि एकदाच वापरायचे प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे यांवर बंदी आहे. वसईच्या बागांतली फुलं दादरच्या बाजारात जातात, आपल्याला तर ती दारात मिळतात. मोगऱ्याचा हंगाम असेल तर एका वाटीतली ओंजळभर फुलं खोली भारून टाकतात. कप शेजाऱ्यांकडून मागा. दोन घरांतले मिळून 12 सहज होतात, वेगवेगळे असले तरी काही बिघडत नाही.

सगळ्या आल्या की आधी औक्षण करा: निरांजन, अक्षता, सुपारी आणि अंगठी. हा मान गटातल्या सर्वांत मोठ्या बाईंना द्या. औक्षण आणि केक झाल्यावर पहिला चहा आणि सव्वासहाला दुसरा. दुसरा कप हातात आला की निघायची वेळ झाली हे न सांगता कळतं, आणि परतीची गाडी गर्दीआधी मिळते.

उरलेला चहाचा चोथा धुऊन कुंडीत घाला. न धुता घातलात तर साखरेला मुंग्या लागतात.